घरच्या बार्बेक्यूसाठी कोळसा कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, अंगणात किंवा शेतावर ग्रिल लावणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोळसा पेटत नाही, डोळ्यांत धूर जातो, चिकन बाहेरून करपलं आणि आत कच्चं राहिलं, अशा तक्रारींचं खापर बहुतेक वेळा कोळशाच्या जातीवर फुटतं. खरी कारणं दोनच असतात, ओलावा आणि हवा. म्हणून ती खाली पुन्हा पुन्हा येतील.

बाजारात मिळणाऱ्या कोळशांत नेमका फरक काय?

लोणारी कोळसा म्हणजे लाकडी कोळसा. लाकूड रचून त्यावर माती लिंपतात, हवा कोंडतात आणि ते धुमसू देतात. पाणी, डांबर आणि वायू उडून जातात, मागे मुख्यतः कार्बन उरतो. वजनाला वजन धरलं तर हा कोळसा सुक्या लाकडाच्या जवळपास दुप्पट उष्णता देतो. वखारीत मिळणारा माल बाभळीचा, वेड्या बाभळीचा किंवा मिसळ लाकडाचा असतो. तुकडे लहानमोठे, वेडेवाकडे. लवकर पेटतो, चटकन तापतो, राख कमी ठेवतो आणि लवकर संपतो.

करवंटीचा कोळसा नारळाच्या करवंट्यांपासून होतो. नुसत्या करवंटीचे कोळसे पातळ आणि बाकदार असतात, एकमेकांत बसून हवा अडवतात. त्यामुळे ग्रिलसाठी तो दळून, खळ घालून दाबलेल्या विटांच्या किंवा षट्कोनी कांड्यांच्या रूपात घ्यावा. पेटायला कंटाळवाणा, पण एकदा पेटला की दोन तास तरी हलत नाही. वास आणि राख दोन्ही कमी.

साधे ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी स्टार्चच्या खळीत कालवून दाबलेले एकसारखे ठोकळे. त्यांचा दर्जा भुकटीत आणखी काय मिसळलंय यावर ठरतो. चांगल्या मालात फक्त कोळसा आणि स्टार्च असतं. हलक्या मालात माती, चुना, न जळालेला भुसा आणि काही ठिकाणी दगडी कोळशाची पूडही असते. पिशवीवर घटक लिहिलेले नसतील तर एक किलो जाळून राख तोलून बघा. पन्नास ग्रॅमच्या आसपास उरली तर माल उत्तम, दीडशे-दोनशे ग्रॅम उरली तर तुम्ही माती विकत घेतली.

वखारीत लोणारी कोळसा पारखायचा कसा?

दोन तुकडे एकमेकांवर आपटा. नीट भाजलेला कोळसा खणखणीत वाजतो, ओला किंवा अर्धवट भाजलेला ‘थप्प’ असा बद्द आवाज करतो. एक तुकडा मोडा. तुटलेली बाजू काळी आणि चकचकीत हवी. मध्ये तपकिरी दिसलं तर ते न भाजलेलं लाकूड आहे आणि ते ग्रिलवर धूर करणार.

आकार मुठीएवढा किंवा अंड्याएवढा मागा. गोणीच्या तळाचा चुरा वजनात भरून देतात. तो शेगडीत गेला की भोकं बुजतात आणि आग गुदमरते. घरी आणल्यावर गोणी एकदा चाळणीवर ओता. खडे, खिळे, सुतळीचे तुकडे हमखास निघतात. गोणी हाताला नेहमीपेक्षा जड लागली तर संशय घ्या, कोळसा पाणी चांगलंच पितो आणि तराजूला ते कळत नाही.

दगडी कोळसा चालेल का?

नाही. तो खाणीतून निघतो, त्यात गंधक असतं, शिवाय पारा आणि आर्सेनिकसारखी द्रव्यंही थोड्याफार प्रमाणात असतात. अन्न त्याच्या धुरात थेट धरायचं नसतं. लाकडी कोळशापेक्षा तो जड असतो, त्यात लाकडाचे रेषे दिसत नाहीत आणि पेटताना काडेपेटीच्या गुलासारखा उग्र वास येतो.

‘पांढरा कोळसा’ स्वस्तात मिळतो, तो घ्यावा का?

नावात कोळसा असला तरी तो कोळसा नाहीच. भुसा, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं दाबून केलेल्या त्या जाड कांड्या बॉयलरसाठी असतात आणि त्या भाजलेल्या नसतात. ग्रिलमध्ये घातल्या की ज्वाळा आणि धुराचे लोट.

हुक्क्याचे कोळसे उरलेत, ते वापरले तर?

करवंटीचे साधे चौकोनी ठोकळे असतील तर हरकत नाही, फक्त महाग पडतील. काडी लावताच तडतडत पेटणाऱ्या चकत्या मात्र अन्नाखाली नकोत. त्यांत सोऱ्यासारखी पेटवणारी रसायनं असतात.

जास्त तापतो कोण, लोणारी की ब्रिकेट?

भरपूर हवा दिली तर लोणारी. वेड्यावाकड्या तुकड्यांमधून हवा खेळते आणि राखेचा थर साचून आग झाकत नाही. पण उष्णता ठरवणारी खरी गोष्ट म्हणजे ग्रिलची खालची, हवा आत घेणारी झडप. झडप अर्धी बंद केली की तोच लोणारी कोळसा मंद होतो, आणि पंख्यानं वारा घातला की तेच ब्रिकेट लालबुंद होतात. म्हणून ‘हा कोळसा फार कडक आहे’ असं वाटलं तर कोळसा बदलण्याआधी हवा कमी करून बघा.

ब्रिकेटची जमेची बाजू वेगळी आहे. ठोकळे एकसारखे असल्यानं किती घातले म्हणजे किती वेळ पुरतील हे सांगता येतं. लोणारीत प्रत्येक गोणी वेगळी.

किती कोळसा लागतो?

साधारण ३० × ४५ सेंमीच्या लोखंडी शेगडीत एकेरी थर द्यायला एक ते सव्वा किलो लोणारी लागतो. चार माणसांसाठी किलोभर चिकन आणि थोडं पनीर त्यावर आरामात होतं. निखारा कामाचा राहतो तो पाऊण ते एक तास. साधे ब्रिकेट एक ते दीड तास जातात, करवंटीचे दोन तासांवर. ५७ सेंमी व्यासाच्या झाकणाच्या ग्रिलला भरपूर आचेसाठी अडीच किलोच्या आसपास ब्रिकेट लागतात.

पहिल्यांदा करणारे हमखास दुप्पट कोळसा ओततात आणि मग आच आवरता येत नाही. कमी घ्या, आणि पाव किलोभर बाजूला वेगळा पेटवत ठेवा. विझत आलेल्या निखाऱ्यावर थेट काळा कोळसा टाकला की पुढची दहा मिनिटं अन्नाला कच्चा धूर लागतो.

रॉकेल न वापरता पेटवायचा कसा?

चिमणीनं. चिमणी म्हणजे तळापासून थोड्या वर जाळी बसवलेला, दोन्ही बाजूंनी उघडा, उभा पत्र्याचा डबा. वर कोळसा भरा. खाली वर्तमानपत्राच्या दोन पानांचे सैल बोळे ठेवा, त्यांवर चमचाभर गोडेतेल शिंपडा म्हणजे कागद सावकाश जळतो. काडी लावा आणि हात लावू नका. लोणारी १५ मिनिटांत तयार होतो, ब्रिकेटला २० ते २५ लागतात, करवंटीच्या कांड्यांना अर्धा तासही लागू शकतो. वरच्या थराच्या कडा राखाडी झाल्या की ओता.

चिमणी नसेल तर कोळशाचा ढीग शंकूसारखा रचा आणि पोटात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा किंवा कापराच्या तीन-चार वड्या ठेवा. कापूर काजळी धरतो, पण अन्न चढेपर्यंत तो पूर्ण जळून गेलेला असतो. पेटत असताना ढीग पसरू नका. एकमेकांना चिकटलेले निखारेच एकमेकांना पेटवतात, सुटे पडले की विझतात.

रॉकेलचा वास भुकटीच्या ब्रिकेटमध्ये मुरतो आणि पापलेटपर्यंत पोचतो. पेट्रोल आणि सॅनिटायझर यांची तर बातच नको. वाफ भडकते, आणि सॅनिटायझरची ज्वाळा उन्हात दिसतही नाही.

निखारे तयार झाले हे कसं ओळखावं?

काळा भाग दिसता कामा नये, सगळीकडे पातळ राखेचा लेप हवा. मग जाळीच्या वर साधारण १२ सेंमीवर तळहात धरा आणि मोजा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच कडक आहे, २३० अंशांच्या वर. चार-पाच सेकंद मध्यम. आठ-दहा सेकंद सहज धरता आला तर मंद. अजून ज्वाळा दिसत असतील तर काहीही चढवू नका, त्यानं फक्त काजळी बसते.

लोणारी कोळसा फटाक्यासारखा उडतो. का?

एक तर त्यात पाणी आहे. तापल्यावर वाफ होते, बाहेर पडायला वाट नसली की तुकडा फुटतो. दुसरं कारण लाकडाच्या जातीत आहे. वेड्या बाभळीचा कोळसा कोरडा असूनही ठिणग्या टाकतो. अमेरिकेत ठिणग्यांसाठी ओळखला जाणारा मेस्कीट कोळसा तिच्याच भाऊबंदांचा. पेटवताना अंतर ठेवा, नायलॉनचे कपडे टाळा आणि पूर्ण पेटेपर्यंत वारा घालू नका. आदल्या दिवशी कोळसा कडक उन्हात पसरून ठेवला तर निम्मा त्रास कमी होतो.

कोणत्या पदार्थाला कोणता कोळसा?

झटपट भाजायच्या गोष्टींना लोणारी. बांगडा, कोळंबी, सळ्यांवरचे कबाब, पनीर, मक्याचं कणीस. कडक आच, थोडा वेळ, काम संपलं. अख्खं पापलेट किंवा सुरमईचे जाड तुकडे मध्यम आचेवर घ्या. जाळी आधी दहा मिनिटं तापवा आणि तेलाचा हात मासळीला लावा. थंड जाळीवर मासा चिकटतोच.

हाडांसकट चिकनला नुसती कडक आच चालत नाही. कोळसा शेगडीच्या एका अर्ध्यात लावा, दुसरा अर्धा रिकामा. आधी रिकाम्या बाजूवर झाकण ठेवून २५ ते ३० मिनिटं शिजवा, मग निखाऱ्यावर आणून रंग चढवा. हाडाजवळ ७४ अंश झाले की झालं. या कामाला ब्रिकेट किंवा करवंटी बरी, कारण लोणारी मध्येच दम तोडतो. गूळ, मध किंवा साखर असलेलं मसाल्याचं वाटण शेवटच्या पाच मिनिटांत लावा.

भरताचं वांगं थेट निखाऱ्यात ठेवायचं असेल तर फक्त लोणारी. मिसळ असलेल्या ब्रिकेटला अन्न टेकू देऊ नका. खानदेशी भरीत मात्र मुळात कोळशाचं नाहीच. तिथे वांगी कपाशीच्या सुक्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि ती चव ज्वाळेची असते. कोळशावर केलेलं भरीत चांगलं लागेल, पण ते खानदेशी लागत नाही म्हणून हिरमुसू नका. हुरड्याचंही तसंच; आगटीत गोवऱ्यांचा विस्तव असतो, त्याची मंद ऊब लोणारीत शोधून सापडत नाही.

तासन् तास धुरावर शिजवायचं असेल, म्हणजे स्मोकिंगला, कोणता घ्यावा?

एकसारखे ब्रिकेट, शक्यतो करवंटीचे. इथे १०५ ते १३५ अंशांची आच सहा-आठ तास स्थिर ठेवायची असते आणि त्यात लोणारीचे लहानमोठे तुकडे चढउतार करतात.

झाकणाच्या गोल ग्रिलमध्ये सोपी मांडणी अशी. भिंतीलगत अर्धवर्तुळात दोन-दोन ब्रिकेट शेजारी मांडत जा आणि त्यांवर तसाच दुसरा थर द्या. वर दर १० सेंमीवर लाकडाचा एक तुकडा ठेवा. रिकाम्या भागात पत्र्याचं भांडं ठेवून त्यात दीड लिटर गरम पाणी ओता. आठ-दहा ब्रिकेट वेगळे पेटवून रांगेच्या एका टोकाला टेकवा. मटण किंवा डुकराचा खांदा पाण्याच्या वर, जाळीवर. झाकणाची वरची झडप पूर्ण उघडी, मांसाच्या डोक्यावर येईल अशी. खालची पाव उघडी. आग रांगेतून हळूहळू सरकत जाते.

आच १४० च्या वर गेली तर खालची झडप थोडी मिटा आणि १५ मिनिटं थांबा. लगेच परिणाम दिसला नाही म्हणून दोन मिनिटांनी पुन्हा हात लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. वरची झडप कधीच पूर्ण बंद करू नका, शिळा धूर आत कोंडून मांस कडवट होतं. इथल्या कांड्यांचे आकार निरनिराळे असल्यानं रांग किती तास पुरते हे आधी एकदा मांस न घालता जाळून पाहा.

डुकराच्या खांद्याचे धागे सुटायला आत ९० ते ९५ अंश लागतात. ७० च्या आसपास पारा दोन-तीन तास अडून बसतो, कारण पृष्ठभागावरून उडणारं पाणी मांस थंड ठेवत असतं. तेव्हा कोळसा वाढवू नका.

धुराची चव कोळशातूनच येते ना?

फारशी नाही. नीट भाजलेल्या कोळशातून चव देणारी द्रव्यं भट्टीतच उडून गेलेली असतात. ग्रिलची ओळखीची चव येते ती निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीच्या आणि मसाल्याच्या धुरातून. स्मोकिंगची चव लाकडातून. त्यामुळे ‘आंब्याच्या लाकडाचा कोळसा’ म्हणून जास्त पैसे मोजण्यापेक्षा साधा कोळसा घ्या आणि त्यावर पेरूच्या किंवा जांभळाच्या सुक्या लाकडाचे मुठीएवढे तीन-चार तुकडे ठेवा. आंबाही चालतो, पण साल काढून आणि पूर्ण वाळलेला. त्याचा चीक आणि त्याचा धूर काहींना बाधतो.

लाकूड पाण्यात भिजवायची गरज नाही. पाणी फार आत शिरत नाही आणि वाफ निघेपर्यंत आग मात्र थंडावते.

चीड, देवदार, निलगिरी ही राळ-तेलाची लाकडं टाळा. प्लायवूड, रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड, खोक्यांच्या फळ्या वर्ज्य. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा सळई म्हणून वापरू नका. आणि कोकणात, गोव्यात हाताशी ढिगानं असणारी काजूची टरफलं अजिबात नकोत. त्यांतलं तेल कातडी जाळतं आणि धूर डोळे-घसा धरतो.

दाट पांढरा धूर येतोय, हाच ना स्मोकिंगचा धूर?

तो अर्धवट जळणाचा धूर आहे, त्यात मांस ठेवलं तर जीभ बधिर करणारी कडू चव येते. हवा वाढवा आणि धूर विरळ, निळसर, जेमतेम दिसेल इतका होईपर्यंत थांबा.

डाळीला किंवा बिर्याणीला धुंगार द्यायचा तर?

लिंबाएवढा लोणारीचा तुकडा चिमट्यानं गॅसवर लाल करा. वाटीत ठेवा, वाटी पदार्थाच्या मध्यात, वर अर्धा चमचा तूप, लगेच घट्ट झाकण. तीन ते पाच मिनिटं. दहा मिनिटं ठेवलं की तुपाच्या काजळीची चव येते. ब्रिकेट इथे वापरू नका.

जपानी बिनचोतान कोळसा घेण्यात अर्थ आहे का?

तो ओकच्या एका जातीपासून होतो, वाकायामा प्रांतातला नावाजलेला. शेवटी भट्टीत हवा सोडून त्याला १००० अंशांच्या आसपास नेतात आणि बाहेर काढून राख-मातीत विझवतात. काच वाजावी तसा वाजतो, जवळपास धूर नाही, कित्येक तास जळतो. लहान सळ्यांवर, जाळीपासून चार बोटांवर भाजणाऱ्यांसाठी तो बनला आहे. आपल्या तंदुरी चिकनला त्याचा उपयोग किमतीच्या मानानं नगण्य. करवंटीची चांगली कांडी त्याच्या बरीच जवळ जाते.

अमेरिकेत राहतो. तिथली नेहमीची ब्रिकेट कशी?

रोजच्या कामाला ठीक. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डच्या मिशिगनमधल्या कारखान्यात वाया जाणाऱ्या लाकडापासून तिकडे ब्रिकेट बनू लागले. आज त्याच ब्रँडचं नाव किंग्सफोर्ड आहे. काडी लावताच पेटणारी, आधीच इंधन मुरवलेली पिशवी टाळा. निदान चालू स्वयंपाकात तिच्यातले नवे ठोकळे घालू नका. अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळशाच्या ग्रिलला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, भाडेकरार आधी वाचा.

फ्लॅटच्या बाल्कनीत शेगडी पेटवली तर चालेल?

काचा लावलेल्या बाल्कनीत कधीच नाही. धूर दिसत नसला तरी निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोकं दुखून मळमळायला लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. थंडीत उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून झोपणं याच कारणानं जीव घेतं. गच्ची किंवा अंगण, भिंतीपासून तीन मीटर, शेजारी पाण्याची बादली.

मुंबईत कोळशावर बंदी आली ना?

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं आणि महापालिकेनं त्याप्रमाणे नोटिसा काढल्या. तो विषय व्यवसायांचा. घरगुती ग्रिलला आडवे येतात ते सोसायटीचे नियम आणि वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे.

पावसाळ्यात कोळसा कसा ठेवावा?

घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून विटेच्या उंचीवर. गोणी भिंतीला टेकून ठेवली की ओल चढते. लोणारी भिजला तर उन्हात वाळवून परत वापरता येतो. ब्रिकेट भिजले की खळ सुटते, ते फुगून भुगा होतात आणि मग काही करता येत नाही.

जाळी कोणती घ्यावी?

बिडाची किंवा स्टेनलेस स्टीलची. हार्डवेअरच्या दुकानातली स्वस्त जस्ताची जाळी निखाऱ्यावर नको. जस्ताचा मुलामा तापून सुटतो, त्याची वाफ आणि कपच्या दोन्ही घातक.

उरलेले निखारे आणि राख यांचं काय करायचं?

पाणी ओतू नका. गरम वाफ तोंडावर येते आणि शेगडी तडकते. झाकणाचं ग्रिल असेल तर दोन्ही झडपा बंद करा, अर्ध्या-पाऊण तासात आग गुदमरते. उरलेला लोणारी दुसऱ्या वेळी झटकून वापरा, तो नव्यापेक्षा लवकर पेटतो. उघड्या शेगडीतले निखारे चिमट्यानं उचलून झाकणाच्या लोखंडी डब्यात घाला.

राखेत निखारा दोन दिवस जिवंत राहू शकतो. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत आदल्या रात्रीची राख टाकणं म्हणजे आगीला निमंत्रण. ४८ तास लोखंडी डब्यात ठेवूनच टाका. लोणारीची शुद्ध राख कुंडीला महिन्यातून चमचाभर चालते, पण ती अल्कधर्मी असते, म्हणून मोगरा, अझेलिया यांसारख्या आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडांना नको. ब्रिकेटची राख सरळ कचऱ्यात.